विरी

आयुष्यातली पहिली भाकरी थापली तेव्हा मला साठावं सरलं होतं. थापली म्हणजे परातीतच तिचे तीन तुकडे झाले. चौथा तव्यावर जाता जाता शेगडीवर पडला. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. ती हसली नाही, हे तिचे उपकार. जवळ आली, डब्यातलं चिमूटभर पीठ अंगठ्याखाली चोळून पाहिलं आणि म्हणाली, "तुमचा दोष नाही. पिठाला विरीच राहिली नाही. महिन्याचं आहे हे."

विरी. हा शब्द मी किती वर्षांनी ऐकत होतो! आई म्हणायची, आजी म्हणायची. पण तो चुलीपुढचा शब्द होता, ओटीवर बसणाऱ्यांच्या कानांवरून नुसता जायचा. गव्हाच्या कणकेत ग्लुटेन असतं, म्हणून ती ओढली तरी तुटत नाही. ज्वारीत ते नाही. पीठ ताजं असलं आणि पाणी चांगलं उकळतं असलं, तर त्याला थोडा चिकटपणा येतो आणि तेवढ्याच्या जोरावर भाकरी परातभर थापता येते. तीच विरी. दळण जुनं झालं की विरी जाते. मग तुम्ही कितीही हळुवार हातानं थापा, कडा फाटणारच.

हे मला ठाऊक नव्हतं, कारण आमच्या घरात पुरुषांनी हे ठाऊक करून घ्यायची पद्धत नव्हती. पस्तीस वर्षं बँकेत दुसऱ्यांचे हिशेब तपासले. ताटातल्या भाकरीचा हिशेब कधी मागितला नाही.

या वयात मी परातीपाशी गेलो तो एका कागदामुळे. निवृत्तीनंतर दोन महिन्यांनी मुलीनं बळजबरीनं रक्त तपासायला लावलं. तीन महिन्यांची सरासरी साखर ७.४ निघाली. देशात माझ्यासारखे काही थोडेथोडके नाहीत; भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीचे आकडे २०२३ मध्ये आले, त्यात मधुमेही १० कोटींच्या वर आणि उंबरठ्यावर उभे असलेले आणखी साडेतेरा कोटी. एवढ्या गर्दीत उभं राहिल्यावर आपलं दुःख जरा हलकं होतं. डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी एक गोळी लिहून दिली, मग कागद उलटा करून मागच्या बाजूला लिहीत सुटल्या. अख्खी धान्यं, कडधान्यं, पालेभाज्या, फळं, दाणे. साखर-मैदा बंद, तळलेलं बंद. मटण-चिकन-अंडी शक्य तर सोडाच. दूधही कमी करत न्या. "होल फूड प्लांट बेस्ड म्हणतात याला, काका. मराठीत काय म्हणतात ते मला नाही सांगता येणार."

मी रिक्षात बसून त्याचं मराठी करत होतो. प्लांट म्हणजे वनस्पती. आणि वनस्पती म्हटलं की माझ्या पिढीच्या डोळ्यांपुढे काय येतं? ताडाचं झाड काढलेला तो पिवळा डबा. डालडा. डबा रिकामा झाला की त्यात तुळस लागायची, आणि भरलेला असेपर्यंत घरातल्या दिवाळीचा सगळा भार त्याच्यावर असायचा. तेही शंभर टक्के वनस्पतीच होतं की! तेलात हायड्रोजन घालून गोठवलेलं, इतकंच. त्या गोठवण्यातून जी ट्रान्स फॅट नावाची चरबी तयार होते तिच्यावर आपल्या सरकारनं २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा घातली, तोवर आमची पन्नास-साठ दिवाळ्यांची चकली खाऊन झाली होती. मैदाही वनस्पतीच. साखर तर वनस्पतीच. बटाट्याचे वेफर्स, साबुदाणा, बेकरीतली खारी, सगळं झाडाचंच. म्हणजे डॉक्टरीणबाईंच्या त्या चार शब्दांतला 'प्लांट' हा शब्द तसा सोपा आहे. अवघड आहे तो पहिला, 'होल'. अख्खं. सालासकट, कोंड्यासकट, कोंबासकट.

अख्खंच का, याची एक गोष्ट आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, आज ज्याला जकार्ता म्हणतात त्या बटाव्हियात क्रिस्तियान आइकमान नावाचा डच डॉक्टर बेरीबेरी या रोगावर काम करत होता. प्रयोगासाठी पाळलेल्या त्याच्या कोंबड्यांचे पाय एकाएकी लुळे पडले आणि काही महिन्यांनी तितक्याच एकाएकी बरे झाले. शोध घेतला तेव्हा कळलं की मधल्या काळात त्यांना लष्करी इस्पितळाच्या मुदपाकखान्यातला पांढराशुभ्र भात मिळत होता. मग नवा आचारी आला. सैनिकांचा तांदूळ साध्या कोंबड्यांना घालायचा नाही, असं त्यानं ठरवलं आणि त्यांचा भात बंद केला. कोंबड्या बऱ्या झाल्या. जे काही हवं होतं ते सडून फेकलेल्या कोंड्यात होतं. आइकमानला १९२९ साली नोबेल मिळालं. त्या आचाऱ्याच्या तत्त्वनिष्ठेला मात्र कुणी काही दिलं नाही.

पण धान्यावरचा कोंडा काढायची एवढी हौस जगाला का आली? नुसती पांढऱ्या रंगाची आवड हे कारण मला पुरेसं वाटत नाही. दाण्याच्या कोंबात तेल असतं. दाणा अख्खा असतो तोवर ते तेल आत सुरक्षित असतं. दळलं की वाऱ्याला लागतं आणि खवट होतं. बाजरीचं पीठ आठ-दहा दिवसांत कडवट लागायला लागतं, हे कुठल्याही गृहिणीला विचारा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात पोलादी रुळांच्या गिरण्या आल्या. त्या कोंब आणि कोंडा वेगळा काढू शकत होत्या. जे उरलं ते महिनोन् महिने टिकायला लागलं, आगबोटीतून जायला लागलं, गोदामात राहायला लागलं. थोडक्यात, जे नासतं ते काढून टाकलं. आणि बरंचसं पोषण नेमकं नासणाऱ्या भागात होतं. पिठाची विरी जाते ही मी तक्रार समजत होतो. आता वाटतं, जे पीठ सहा महिने जसंच्या तसं राहतं त्याच्याबद्दल जास्त काळजी करायला हवी.

कागद घेऊन घरी आलो आणि विजयी मुद्रेनं बायकोपुढे ठेवला. तिनं चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला. भाकरी, मोड आलेली कडधान्यं, रोज दोन पालेभाज्या, जवसाची चटणी, कोशिंबीर. मग चष्मा काढून विचारलं, "छान आहे. करणार कोण?"

आरोग्यावरची इतकी भाषणं मी ऐकली आहेत. मधल्या काळात आमच्या सोसायटीत दोनदाच आणि पंचावन्न मिनिटांतच जेवायची लाट येऊन गेली, तिच्यातही मी दोन महिने वाहून आलो. पण हा प्रश्न कुठल्याच व्यासपीठावरून ऐकला नव्हता. मेथीची जुडी निवडायला अर्धा तास जातो. मटकी रात्री भिजवायची, सकाळी उपसून बांधायची, हवा थंड असली तर दुसऱ्या दिवशी मोड येतात. भाकरी चपातीसारखी सकाळी करून डब्यात घालून चालत नाही; ती तव्यावरून ताटात यावी लागते, म्हणजे कुणाला तरी उभं राहावं लागतं आणि बाकीच्यांचं जेवण होईपर्यंत ते उभंच असतं. ब्रेड ही वाईट वस्तू असेल, पण तिनं आमच्या घरातल्या एका माणसाला रोज सकाळी तासभर बसू दिलं होतं. बायकोचे गुडघे दुखतात. ती शाळेत शिकवून निवृत्त झाली आहे, माझ्या आधी एक वर्ष. माझ्या साखरेसाठी तिनं पुन्हा ओट्यापाशी उभं राहावं, असा त्या कागदाचा सरळ अर्थ होता आणि तो माझ्या लक्षातही आला नव्हता.

"मी करतो," मी म्हणालो. ज्याला काहीच येत नाही त्याचाच आवाज एवढा ठाम असतो.

माझं गाव मंगळवेढ्याजवळ. आता मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, २०१६ पासून. आम्हाला त्याआधीही ती ठाऊकच होती. काळीभोर जमीन, वर्षाचा पाऊस जेमतेम पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर, तोही लहरी. पण ती जमीन पाणी पोटात धरून ठेवते. हस्ताच्या पावसावर पेरायचं आणि मग आभाळाकडे बघायचं नाही. थंडी आणि जमिनीतली ओल यांच्यावर मालदांडी वाढते. मालदांडीतूनच निवडून मोहोळच्या संशोधन केंद्रानं एम ३५-१ हे वाण दिलं, आणि कितीतरी नवी वाणं आली तरी रब्बीत लोक अजून तेच मागतात, कारण भाकरीला गोडी तिचीच. विहिरीचं पाणी नाही, कालव्याचं पाणी नाही. पर्यावरणाची भाषा मला पुष्कळ उशिरा कळली. पण एका पावसाच्या शिल्लक ओलीवर पोटभर धान्य आणि पुरुषभर उंचीचा कडबा देणारं हे पीक बघत मी लहानाचा मोठा झालो.

ताटात काय असायचं? भाकरी, शेंगाची चटणी, तुरीचं किंवा हरभऱ्याच्या डाळीचं काहीतरी पातळ, आणि हंगामाचा पाला. ज्वारीत उगवलेली पाथरी, तांदुळजा, घोळ. करडईची कोवळी पानं. हरभऱ्याचा पाला थंडीत ताजा आणि उन्हाळ्यात वाळवलेला. हरभऱ्याच्या झाडावर रात्री खारट-आंबट दंव धरतं, त्याला आंब म्हणतात. आजी पहाटे स्वच्छ धडपं झाडांवरून फिरवायची आणि पिळून बाटली भरायची. पोट दुखलं की त्यातलं चमचाभर. दूध असायचं, पण ते चहापुरतं, बाकीचं डेअरीला. मटण यात्रेला, नाहीतर जावई आला की. आमचं घर काही माळकऱ्यांचं नव्हतं. मटण सोडलेलं नव्हतं, ते मिळत नव्हतं. यात फरक आहे.

या फरकावर मला थोडं थांबायचं आहे. 'आपल्या पूर्वजांचा आहार किती सात्त्विक होता' असं म्हणणारा माणूस भेटला की मला १९७२ आठवतं. मी आठ वर्षांचा होतो. रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला आई जायची, आणि परातीत यायची ती अमेरिकेहून आलेली तांबडी मिलो. तिची भाकरी घशाखाली उतरत नसे. सुकडी वाटायचे, तिच्यासाठी आम्ही पोरं रांगेत मारामाऱ्या करायचो. तोही वनस्पती आहारच होता. मिलोही अख्खीच होती.

नुसत्या ज्वारीवर माणूस जगला की काय होतं हेही शास्त्रानं लिहून ठेवलं आहे. हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत, सी. गोपालन आणि श्रीकांतिया यांनी दख्खनच्या ज्वारी खाणाऱ्या गरीब मजुरांमध्ये पेलाग्रा हा रोग पाहिला: उन्हाला लागणारी कातडी काळी पडून सोलते, जुलाब होतात, डोकं भ्रमिष्ट होतं. १९६० साली त्यांनी त्याचा संबंध ज्वारीतल्या ल्युसीन या अमिनो आम्लाशी जोडला. पुढे त्या उपपत्तीवर वाद झाले, पण ज्याच्या ताटात ज्वारीशिवाय दुसरं काही पडत नव्हतं त्याला रोग होत होता, यात वाद नव्हता. ज्वारीत लायसिन कमी, डाळीत भरपूर; म्हणून भाकरीशेजारी पिठलं. म्हणून शेंगदाणे, म्हणून पाला. आजीला लायसिन ठाऊक नव्हतं. पण पिठल्याला लागणारी डाळ घरात असणं ही अकलेपेक्षा ऐपतीची गोष्ट होती, आणि गावातल्या सगळ्या घरांची ती ऐपत नव्हती.

शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' मी निवृत्तीनंतर वाचलं. मराठवाड्यातल्या महार-मांग समाजांच्या खाद्यसंस्कृतीचं ते पुस्तक. आपल्या भाषेत शेकड्यांनी पाककृतींची पुस्तकं आहेत आणि त्यांत ही स्वयंपाकघरं जवळजवळ नव्हतीच, हे त्यानंतर लक्षात आलं. कुणी काय खावं हे आपल्याकडे तब्येतीवरून कधीच ठरलं नाही, जातीवरून ठरलं. मंगळवेढ्याला दुष्काळात बादशहाचं कोठार लोकांसाठी उघडणाऱ्या दामाजीपंतांची कथा सांगतात. त्या धान्याची किंमत भरायला विठोबा महाराच्या रूपात गेला म्हणतात. आणि त्याच मंगळवेढ्यात १३३८ साली चोखोबा गावकुसाच्या कामावर असताना भिंत कोसळून गेले. कथेतल्या महाराला दरबारात मान आहे, खऱ्याला भिंतीखालचा मृत्यू. म्हणून मी मांस सोडलं ते माझ्या रक्तातल्या साखरेसाठी आणि कोलेस्टेरॉलसाठी, एवढंच सांगतो. त्यात कुणाहून शुद्ध होण्याची भानगड नाही. शेजारच्या फ्लॅटमधल्या मटणाचा वास अजून छान येतो.

आता जगाच्या ताटाचं प्रकरण. २०१९ मध्ये 'ईट-लॅन्सेट' आयोगाचा अहवाल आला. सोळा देशांतल्या ३७ शास्त्रज्ञांनी बसून माणसाची तब्येत आणि पृथ्वीची तब्येत दोन्ही राखणारं एक ताट मांडलं. जगभरच्या हरितगृह वायूंपैकी साधारण एक तृतीयांश अन्न पिकवण्या-पोचवण्यातून येतात आणि त्यांत गुराढोरांचा वाटा मोठा, म्हणून ही चिंता. माणशी दिवसाला अख्खं धान्य २३२ ग्रॅम, डाळी आणि सोयाबीन मिळून ७५, दाणे ५०, आणि लाल मांस १४ ग्रॅम. मी बँकवाला, आकडे दिसले की वजनकाटा काढतो. माझ्या एका भाकरीला नव्वद-पंच्याण्णव ग्रॅम पीठ लागतं. म्हणजे जगातल्या ३७ विद्वानांनी मला दिवसाला अडीच भाकऱ्या दिल्या आहेत! मांसाचे १४ ग्रॅम म्हणजे वर्षाला पाच किलो. आमच्या यात्रेच्या मटणात माझ्या वाट्याला इतकं कधी आलं नाही. पुण्यात आल्यावर मात्र रविवार आला, मग बुधवार आला, मग कुठल्याही वारी बिर्याणी दारात यायला लागली आणि पाच किलो कधी ओलांडले ते कळलं नाही.

हे सगळं ज्ञान घेऊन मी फेब्रुवारीत गावी गेलो. ज्वारीची काढणी चालू होती. आमच्याकडे रब्बीची ज्वारी कापत नाहीत, मुळासकट उपटतात. दोन्ही हातांनी ताट धरून कमरेतून वाकून ओढायचं. जमीन तोवर वाळून दगड झालेली असते. मी हौसेनं एक ओळ धरली. पंधरा ताटांनंतर तळहाताला फोड आला, विसाव्याला मी बांधावर. धाकटा भाऊ हसत हसत पाण्याची कळशी घेऊन आला.

त्याला मी माझ्या ताटाबद्दल सांगितलं. तू खरं सोनं पिकवतोस, असंही म्हणालो. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून पाळलं, तेही आपल्या देशाच्या प्रस्तावावरून, हेही सांगितलं. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "दादा, सोनं हाय, पर काढणार कोन? उक्तं द्यायला माणूस मिळंना. यंदा चार दिवस हातापाया पडलो, तवा ही टोळी आली."

बायकोचाच प्रश्न. ओट्यापाशी विचारलेला आणि बांधावर विचारलेला, शब्दसुद्धा जवळजवळ तेच.

देशात एकेकाळी दीड कोटी हेक्टरांहून जास्त ज्वारी होती, आज ती ४० लाखांच्या आसपास आली आहे. याला कारणं पुष्कळ. स्वस्त धान्य दुकानात गहू-तांदूळ आले, गव्हाची पोळी म्हणजे बरी परिस्थिती असं मनात बसलं, आणि सोयाबीन आलं, ऊस आला. राज्यात सर्वांत जास्त साखर कारखाने आमच्या सोलापूर जिल्ह्यात आहेत, या कोरड्या जिल्ह्यात! उजनीचं पाणी जिथं पोचलं तिथं ऊस उभा राहिला. भावाचाही तीन एकर आहे. मी त्याला काय बोलणार? उसाला तोड येते, कारखाना नेतो, पैसे उशिरा का होईना मिळतात. ज्वारीला असं गिऱ्हाईक कोण बांधून देतं? ऊसही झाडच. वनस्पती आहारच. पाणी पिऊन पिऊन तो माझ्या रक्तात उतरतो.

"मग अजून सात एकर ज्वारी कशाला लावतोस?" मी विचारलं.

त्यानं गोठ्याकडे बोट दाखवलं. दोन म्हशी, एक खोंड, शेजारी कडब्याची गंज. "आरं, ज्वारी उभी हाय ती कडब्यावर. कडब्याला शेकड्याचा भाव ज्वारीच्या पोत्याआधी इचारतेत लोक. जनावर हाय म्हणून कडबा हाय, कडबा हाय म्हणून तुझी भाकरी. समद्यांनी दूध सोडलं तर म्या बी ज्वारी सोडीन."

या वाक्यानं माझं ते सुंदर ताट हाललं. माझ्या कागदावर दूध एका बाजूला होतं, भाकरी दुसऱ्या बाजूला. शेतात ती दोन्ही एकाच ताटाला लागलेली होती: वरच्या टोकाला कणीस, खाली कडबा. गुरांमुळे वातावरण तापतं हे खरंच आहे, त्यांच्या पोटात चारा आंबताना मिथेन तयार होतो. पण जंगल तोडून केलेल्या कुरणावर किंवा खास पिकवलेल्या मक्या-सोयाबीनवर मांसासाठी पोसलेली गाय, आणि माणसाला खाता न येणारा ज्वारीचा देठ खाऊन दूध, शेण आणि नांगराला बैल देणारी म्हैस-गाय, यांचं वजन एकाच काट्यावर करू नये, असं मला वाटतं. त्या ३७ जणांनीही दिवसाला पाव लिटर दूध ताटात ठेवलं आहे, हे मी घरी येऊन पुन्हा तपासलं. म्हणून दुधाबाबत मी तह केला आहे. चहा कोरा, दूध-पनीर-बासुंदी बंद, गावी गेल्यावर वाटीभर ताक. कट्टर लोकांना हा तह पटणार नाही. आईला तर कोरा चहाच पटला नाही. पहिल्यांदा मागितला तेव्हा तिनं पातेल्यात डोकावून विचारलं, "का रं, दूध नासलं का?"

तब्येतीचं सांगायचं तर चमत्कार झालेला नाही. सव्वा वर्षात साखर ७.४ वरून ६.५ वर आली, वजन सात किलो उतरलं, गोळी निम्मी झाली. सुटली नाही. वरून एक नवी लागली. बी-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतीत नसतं. दूध-अंडी-मांस सोडलेल्या माणसाला ते बाहेरून घ्यावंच लागतं. पायाला मुंग्या येईपर्यंत मी ते मनावर घेतलं नव्हतं. तुम्ही या वाटेनं निघालात तर डॉक्टरांना विचारून ते आधी तपासून घ्या, आणि साखरेची गोळी चालू असेल तर आपल्या मनानं सोडू नका. बाकी फुशारक्या नंतर मारता येतात.

खरा बदल झाला तो स्वयंपाकघरात. मी आता दर आठवड्याला तीनच किलो दळण टाकतो. गिरणीवाला आधी चेष्टा करायचा, "काका, एवढंसं? जात्यावर दळा की!" आता माझी पिशवी दिसली की आधी ज्वारीवर ज्वारी लावतो, गव्हावर लावत नाही. मालदांडी घ्यायला गेलं तर गव्हापेक्षा महाग पडते. गरिबाची भाकरी आता पेन्शनवाल्याला परवडते, गरिबाला नाही, हेही त्याच गिरणीत दिसतं. माझ्यामागे रांगेत उभ्या असलेल्या बाईच्या डब्यात रेशनचा गहू असतो.

आईला मी फोनवर भाकरीच्या शंका विचारतो. ती चौऱ्याऐंशीची आहे. तिनं रोजच्या तीस-पस्तीस भाकऱ्या कितीतरी वर्षं केल्या. उजवं मनगट आता वळत नाही. तिला माझ्या शंकांची गंमत वाटते, थोडा अभिमानही वाटत असावा, पण कौतुक करणं तिच्या स्वभावात नाही. पाणी उकळतं घे. एकदम मळू नको, एका भाकरीपुरतंच मळ. तळव्यानं नको, बोटांनी थाप. टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरव आणि पाणी सुकायच्या आत उलट. मी विचारलं, हे सगळं मला लहानपणी का नाही शिकवलंस? ती म्हणाली, "तू कवा चुलीपाशी आलास?"

काल चार केल्या. दोन चिरल्या, एक बरी झाली, आणि एक टम्म फुगून पापुद्रा सुटला. फुगलेली मी बायकोच्या ताटात वाढली आणि शेजारी उभा राहिलो, जसं या घरात आजवर ती उभी राहत आली. तिनं तुकडा मोडला, मेथीच्या भाजीला लावला, सावकाश चावला.

"कडा जाड राहिल्यात," ती म्हणाली. "पण बसा आता तुम्ही. गार होतंय."

डब्यात दोन दिवसांचं पीठ उरलं आहे. गुरुवारी आमच्या भागात दुरुस्तीसाठी वीज बंद असते, गिरणी चालत नाही. दळण उद्याच टाकून यायला हवं.